चार्जिंग पोर्टमधला कचरा काढायचाय? आधी ती टाचणी खाली ठेवा

फोन चार्ज होत नाहीये, केबल जरा वाकडी धरली की होतो, सोडली की बंद. अशा वेळी आपण पहिलं काय करतो तर फुंकर मारतो, आणि दुसरं म्हणजे घरभर सेफ्टी पिन शोधत फिरतो. आमच्या बिल्डिंगमध्ये मी फोनवाली म्हणून ओळखली जाते, त्यामुळे ही दोन्ही कामं आधीच उरकून झालेले फोन माझ्याकडे येतात, "अगं बघ ना जरा, कालपर्यंत चांगला होता" असं म्हणत. कालपर्यंत चांगला होताच, कचरा होता फक्त, पिनेने आतली पट्टी उचकटली आणि दहा मिनिटांचं काम दुकानावर गेलं. एक पोर्ट मी स्वतःही मारलाय, सिमचा ट्रे काढायच्या पिनेने, दोन मिनिटांत, तेव्हा मी काही कुणाला हसत नाही.

खालचं सगळं दिलेल्या क्रमानेच करा. खरं काढायचं काम पाचव्या टप्प्यात आहे आणि लोक थेट तिथूनच सुरू करतात.

१. दोष पोर्टचाच आहे ना, ते आधी बघा

आधी फोनचं कव्हर काढा. जाड कव्हर असलं की केबलचं तोंड आतपर्यंत पोचत नाही आणि लक्षणं हुबेहूब कचऱ्यासारखीच दिसतात. मग दुसरी केबल लावा, दुसरा अ‍ॅडॅप्टर लावा, बोर्डावरचं बटण चालू आहे का तेही बघा (हो, हे पण झालंय). तीच केबल घरातल्या दुसऱ्या फोनला लावून बघा. एकदा फोन रीस्टार्ट करा. यातल्या कशानेही काम झालं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

कचरा असल्याची खूण म्हणजे केबल लावताना शेवटी जो 'टक्' असा जाणवतो तो येत नाही, प्लगचा धातूचा भाग थोडा बाहेर उघडा राहतो, आणि फोन उचलला की केबल गळून पडते. कारण साधं आहे. पॅंटच्या खिशातला बारीक धागा-भुगा पोर्टमध्ये जातो आणि दर वेळी केबल लावताना आपणच तो मागच्या भिंतीपर्यंत ढकलून ठासतो, उशीत कापूस ठासतात तसा. वर्ष-दीड वर्षात तिथे घट्ट नमदा तयार होतो आणि प्लगला पूर्ण आत जायला जागाच उरत नाही. म्हणून फुंकर मारून तो हलत नाही, त्याला मागून ओढूनच बाहेर काढावं लागतं.

केबल नीट घट्ट बसतेय पण एका बाजूने लावली तरच चार्ज होतोय, उलटी केली की नाही, असं असेल तर प्रकरण वेगळं. सी टाईपमध्ये (आताच्या बहुतेक फोनचा लंबगोल पोर्ट) चार्जर जोडलाय हे फोनला कळवणारा एक छोटा पिन, म्हणजे केबलला टेकणारा धातूचा बारीक भाग, पोर्टच्या मधल्या पट्टीच्या दोन्ही अंगांना असतो, आणि केबल ज्या बाजूने लावाल त्याप्रमाणे त्यातला एक वापरला जातो. म्हणजे एका अंगावर घाण बसलीये किंवा तो पिन गेलाय. घाण असेल तर निघेल, पिन गेला असेल तर कितीही साफ करा, उपयोग नाही.

थांबा: पोर्टमध्ये हिरवट-निळसर थर दिसतोय, जळका वास येतोय, प्लास्टिक तपकिरी पडलंय किंवा वितळलंय, फोनची पाठ फुगलीये, यातलं काहीही असलं तर घरी हात लावू नका. फुगलेल्या फोनला चार्जिंगलाही लावू नका.

थांबा: स्क्रीनवर ओलाव्याची वॉर्निंग येतेय? मग हा लेख सध्या तुमच्यासाठी नाही. जून ते सप्टेंबर पुण्यात निम्म्या वेळा हेच असतं, रेनकोटच्या खिशात ठेवलेला फोन आतून घामेजतो. केबल काढा, पोर्ट खाली करून तळव्यावर हळू आपटा, कोरड्या हवेशीर जागी ठेवा. किमान अर्धा तास थांबा, कधीकधी पूर्ण दिवसही लागतो. तांदळाच्या डब्यात घालू नका, तांदळाचा भुसा पोर्टमध्ये जातो आणि मग खरोखरच कचरा काढायची वेळ येते. हेअर ड्रायरही नको. वायरलेस चार्जिंग असेल तर तोपर्यंत ते वापरा, पाठ पुसून घेऊन.

२. आत काय असायला हवं ते समजून घ्या

हा टप्पा सगळे गाळतात आणि फोन इथेच मरतात.

सी टाईप पोर्टच्या बरोबर मध्ये एक पातळ पट्टी असते, जिभेसारखी. ती कचरा नाही. हे लिहावं लागतंय कारण एका काकांनी "मधे काहीतरी अडकलंय, निघतच नाहीये" म्हणत तीच पट्टी उपटायचा प्रयत्न केला होता. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला मिळून, पूर्ण पोर्ट असेल तर, २४ पिन असतात. पट्टीची जाडी ०.७ मिलिमीटर, आणि पोर्टच्या तोंडाची उंची साधारण २.५ मिलिमीटर. हिशोब करा, पट्टीच्या वर आणि खाली प्रत्येकी एक मिलिमीटरसुद्धा जागा उरत नाही. नेहमीची टूथपिक मधोमध साधारण दोन मिलिमीटर जाड असते. म्हणजे "टूथपिकने काढा" असा सल्ला सगळे देतात, पण जशीच्या तशी टूथपिक घुसवली तर ती जागा करून घेणार पट्टी वाकवूनच.

आयफोन ५ पासून आयफोन १४ पर्यंत लाइटनिंग पोर्ट आहे. त्याच्यात मधली जीभ नाही, आत पोकळ खाच आहे आणि पिन एका भिंतीला आहेत, त्यामुळे तो साफ करायला सोपा. आयफोन १५ पासून त्यांच्याकडेही सी टाईपच आलं. जुने फोन, स्वस्त इअरफोन, पॉवर बँक यांचा मायक्रो यूएसबी सगळ्यात नाजूक, त्याची पट्टी एका भिंतीकडे सरकलेली असते, तिथे फक्त मोकळ्या बाजूनेच काडी घाला.

तपासा: दुसऱ्या फोनचा टॉर्च तिरका धरून आत बघा आणि त्याच्याच कॅमेऱ्याने झूम करून एक फोटो काढून ठेवा. पट्टी सरळ मधोमध आहे का? मागची भिंत काळी-चकचकीत दिसतेय की राखाडी-मऊ? राखाडी मऊ दिसतेय ना, तोच तो नमदा. पट्टी आधीच वाकडी किंवा टोकाला तुटलेली दिसली तर इथेच थांबा, फोटो दुकानदाराला दाखवायला कामी येईल.

३. सामान जमवा

फार काही लागत नाही. लाकडी टूथपिक पाच-सहा, नवं ब्लेड किंवा कटर, मऊ कोरडा टूथब्रश (नवा, वापरलेल्यात पेस्टचा थर असतो) किंवा चित्रकलेचा शून्य नंबरचा नायलॉन ब्रश, पांढरा कागद, टॉर्च. कॅमेरा साफ करायचा रबरी ब्लोअर असेल तर उत्तम. तो कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारलीत तर तिथेही विचारून बघा. पण फक्त एवढ्यासाठी पार्किंग शोधत तिकडे जाऊ नका, ब्लोअरशिवायही काम होतं.

टूथपिक तासायची कशी ते महत्त्वाचं आहे. टोकाकडचा एक-दीड सेंटीमीटर भाग दोन्ही बाजूंनी तासून चपटा करा, पटाशीच्या धारेसारखा, पोस्टकार्डाहून थोडा जाड राहील इतका. टोक अगदी अणकुचीदार ठेवू नका, ते आत मोडतं. तासून झाल्यावर बोटाने चोळून तंतू काढून टाका. मग केबलचा प्लग शेजारी धरा, त्याचा धातूचा भाग जेवढा लांब तेवढ्या अंतरावर टूथपिकवर बॉलपेनने खूण करा. पोर्टची खोली जवळजवळ तेवढीच असते, म्हणजे काडी मागच्या भिंतीला टेकली की नाही हे खुणेवरून कळतं. ही खूण मी नंतर शिकले, आणि तेव्हापासून "अजून जरा आत असेल" म्हणून रेटणं बंद झालं.

काय वापरायचं नाही, तेही ऐका:

टाचणी, सेफ्टी पिन, सुई, सिमची पिन, स्टेपलरची पिन सरळ करून केलेली काडी. धातू एकाच वेळी दोन पिनांना टेकला तर शॉर्ट होऊ शकतो आणि पिनांवरचा मुलामा खरवडला जातो. फोन बंद असला तरी बॅटरी आत जोडलेलीच असते हे विसरू नका.

खराट्याची काडी. ती आत मोडते. मोडलीच.

इअरबड किंवा काडीला गुंडाळलेला कापूस. कापूस काढायला कापूस घालताय तुम्ही.

तोंडाची फुंकर, कारण त्यात थुंकीचा ओलावा जातो. पेट्रोल पंपावरची किंवा गॅरेजमधली हवा तर नकोच, प्रेशर प्रचंड आणि कॉम्प्रेसरमधलं पाणी-तेलही त्यातून येऊ शकतं. डब्यातली हवा मिळते ती डबा तिरका झाला की थंडगार द्रव फवारते. त्यातून प्रेशरने नमदा निघत नाहीच, भुगा तेवढा स्पीकर-माइकच्या जाळीत जाऊन बसतो.

४. फोन तयार करा

बॅटरी ५-७ टक्के उरली असेल तर आधी कामाचं उरका. फोटो, बँकेचे ओटीपी येणारं सिम, वॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, जे काय असेल ते. साफ करून नाहीच चालला तर फोन संपणार आणि आतलं सगळं आतच राहणार, हे लोकांना नंतर आठवतं.

मग फोन पूर्ण बंद करा. नुसती स्क्रीन लॉक केलेली चालणार नाही. केबल काढलेली, कव्हर काढलेलं. पंखा बंद करा, काढलेला भुगा परत उडून आत जायला नको. हात कोरडे, आणि बसण्याआधी खिडकीच्या लोखंडी ग्रिलला किंवा नळाला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज निघून जाईल, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून बसत असाल तर नक्की. पांढऱ्या कागदावर फोन आडवा ठेवा, पोर्ट तुमच्याकडे. पलंगावर बसून, मांडीवर ठेवून, टीव्ही बघत हे काम होत नाही.

तपासा: फोन खरंच बंद आहे? पॉवर बटण एकदा हलकं दाबून बघा, स्क्रीन उजळली नाही पाहिजे.

५. कचरा काढा

आधी सुटा भुगा. पोर्टचं तोंड खाली करून फोन तळहातावर हळू आठ-दहा वेळा आपटा. कोरडा ब्रश पोर्टच्या तोंडाशी लांबीच्या दिशेने फिरवा, आत खुपसू नका. ब्लोअर असेल तर तोंड खालीच ठेवून तिरका धरून दोन-तीन फुसके मारा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं आणि टूथपिक लागतच नाही.

नमदा असेल तर पुढे. टूथपिकचा चपटा भाग पट्टीला समांतर ठेवा आणि पोर्टच्या एका टोकाच्या कोपऱ्यातून, डावीकडून किंवा उजवीकडून, आत सरकवा. काडीचा टेकू कायम बाहेरच्या धातूच्या भिंतीवर हवा, मधल्या पट्टीवर कधीच नाही. हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे. खुणेपर्यंत गेली की टोक किंचित भिंतीकडे दाबून सरळ बाहेर ओढा. आत ढकलणं नाही, गोल फिरवणं नाही, पट्टीवरून आडवं घासणं नाही. तव्याच्या कडेने उलथनं घालून चिकटलेलं धिरडं सोडवतो ना, तशी कड आधी सुटली पाहिजे, मग बाकीचा थर आपोआप मागे येतो.

दर वेळी काडीचं टोक कागदावर पुसा. तीन-चार वेळा ओढलं की थांबून टॉर्चने बघा. मग दुसरा कोपरा, मग पट्टीच्या वरचं अंग, शेवटी खालचं. काडी मऊ पडली किंवा टोक फाटलं की फेकून द्या, नवी घ्या. काटकसर इथे नको.

पहिल्यांदा जे बाहेर येतं ते बघून माणूस चकित होतो, एवढा राखाडी बोळा त्या फटीत मावला कसा. आमच्या शेजारच्या काकूंनी तो कागदात गुंडाळून ठेवला, मुलाला दाखवायला, "बघ, म्हणत होतास नवीन फोन घ्यावा लागेल".

थांबा: काडी अडतेय, कुरकुर आवाज येतोय किंवा पट्टी हललेली दिसतेय तर काडी हळूच बाहेर काढा आणि बघा. जोर लावून निघेल असा कचरा पोर्टमध्ये नसतो. जोर लागतोय म्हणजे तुम्ही पोर्टलाच ओढताय.

थांबा: काडीचं टोक आत मोडलं? फोन उलटा करून आपटा, दुसऱ्या तासलेल्या काडीने कडेने ओढा. दोन प्रयत्नांत नाही निघालं तर दुकान. केबल लावून "बसतंय का" बघायचं नाही, तो तुकडा कायमचा ठोकला जाईल.

आता मागची भिंत बऱ्यापैकी स्वच्छ दिसतेय, पट्टी सरळ आहे, पिन सोनेरी-चंदेरी चमकतायत? मग थांबा. कोपऱ्यात एखादा कण दिसत असेल तर दिसू दे. पोर्ट ऑपरेशन थिएटर करायचा नाहीये, केबल पूर्ण आत गेली की झालं. मी जो पोर्ट मारला तो साफ झालेला होता आधीच, मी फक्त "अजून एकदा" म्हणून पिन घातली होती.

६. चिकट घाण असेल तर, आणि तरच

खिशातला भुगा कोरडा असतो. पण विसर्जन मिरवणुकीत फोन गुलालाने भरला, जेजुरीहून भंडारा घेऊन आला, किंवा चहा सांडून वाळला, तर ती घाण चिकटते. पथकात ढोल वाजवत असल्यामुळे गुलालाचं प्रकरण मला चांगलंच ठाऊक आहे, घामाच्या हाताने तो ओला होतो आणि वाळल्यावर पापुद्रा धरतो. यात पहिली चूक म्हणजे ओल्या फडक्याने पुसणं. कोरडा असेपर्यंत गुलाल आपटून-झटकून बराच निघतो, पाणी लागलं की त्याची लापशी होते. तेव्हा आधी पाचवा टप्पा कोरडाच पूर्ण करा.

तरी थर राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मागायचं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, उरलेलं बरंचसं पाणी असतं त्यात. फोन कंपन्या उघड्या भोकांत द्रव घालू नका असंच सांगतात, म्हणून हे पोर्टमध्ये ओतायचं किंवा थेंब सोडायचा नाही. शून्य नंबरचा ब्रश बुडवून कागदावर टिपून घ्या, जेमतेम दमट राहील इतका, पोर्टचं तोंड खाली धरा आणि दोन-तीन हात बाहेरच्या दिशेने मारा. मग किमान अर्धा तास तसाच खाली तोंड करून ठेवा. अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा गॅसजवळ, देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा अगरबत्तीशेजारी हे करायचं नाही.

सॅनिटायझर, डिओ, पेट्रोल, थिनर, खोबरेल तेल, यातलं काहीही नाही. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि चिकट पदार्थ असतात. तेलाने तर पुढचा कचरा दुप्पट वेगाने बसतो.

७. केबलचं तोंड पण साफ करा

हे कुणीच करत नाही. सी टाईपचा प्लग आतून पोकळ असतो आणि त्यातही भुगा साठतो. केबल भिंतीपासून काढून टॉर्चने आत बघा, तासलेल्या टूथपिकनेच हलक्या हाताने काढा. आत एखाद्या पिनवर काळा डाग किंवा जळल्याची खूण दिसली तर ती केबल फेकून द्या. अशी केबल साफ केलेल्या पोर्टला लावलीत तर तो पोर्टही खराब होऊ शकतो.

८. तपासणी, पुन्हा क्रमानेच

आधी केबल फोनला लावा, पण दुसरं टोक चार्जरला न जोडता. पूर्ण आत गेली? 'टक्' जाणवला? केबल खाली सोडून फोन हळूच उचला, लटकून राहिली पाहिजे. नाही राहिली तर आत अजून कचरा आहे, परत दुसऱ्या टप्प्यातला टॉर्च.

मग केबल काढून फोन चालू करा. पहिलं चार्जिंग लॅपटॉपला किंवा जुन्या साध्या चार्जरला, लगेच ६५ वॉटचा फास्ट चार्जर नको. पाच मिनिटांनी पोर्टजवळ बोट लावा, कोमट चालेल, चटका बसता कामा नये. केबल उलटी करून दुसऱ्या बाजूनेही बघा. मग फास्ट चार्जर, आणि शेवटी इअरफोन किंवा लॅपटॉपला जोडून फाइल जातेय का ते.

थांबा: चार्जिंगचं चिन्ह येतं-जातं, फोन चटका बसेल इतका तापतो किंवा काही न लावता चार्जिंग दाखवतो, तर केबल काढा आणि दुकानात न्या.

९. दुकानात जायची वेळ आली तर

केबल घट्ट बसतेय पण चार्जिंग नाही, एका बाजूनेच होतंय, पट्टी वाकलीये, यात घरचे उपाय संपले. बऱ्याच अ‍ॅंड्रॉइड फोनमध्ये पोर्ट छोट्या वेगळ्या बोर्डवर असतो, दुकानदार त्याला सीसी बोर्ड म्हणतात, तो बदलला की काम होतं. काहींमध्ये पोर्ट मेन बोर्डवरच सोल्डर केलेला असतो, तिथे कौशल्य लागतं आणि पैसेही जास्त. म्हणून आधी विचारा की साफ करणार, पोर्ट बदलणार का बोर्ड, आणि आकडा ऐकूनच फोन हातात द्या. साफ करणं समोर बसून करून घ्या. एका दुकानात माझ्यासमोरच मुलाने स्टीलच्या चिमट्याने चालू फोनचा पोर्ट खरवडायला घेतला होता, मी फोन परत घेऊन चालायला लागले. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, बदललेला जुना पार्ट मागा. फोन वॉरंटीत असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटर, आणि तिथे जायच्या आधी घरी काड्या घालू नका, कारण तुटलेली पट्टी सहसा वॉरंटीत बसत नाही.

आणि पोर्टला लावायची ती रबरी बुचं मिळतात ना, तुळशीबागेच्या बाहेर वगैरे ढिगाने, ती घेण्याआधी एक करा. बुच काढताना त्याचा रबरी शेपटा तुटून आत राहतो का ते दुकानातच दोन-चार वेळा लावून-काढून बघा. माझ्याकडे आलेल्या एका फोनमध्ये कचरा अजिबात नव्हता, बुचाचा अर्धा तुकडा होता.